कोणाचा वाटा?

१

आमच्या घरी दुपारी बरोबर एक वाजता जेवण होतं, आणि ते सुरू होण्याआधी मी जेवणघराच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहते. माझं वय त्रेपन्न आहे. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखीच दिसत असणार.

पाहुण्यांना याचं फार कौतुक. माझे वडील ध्रुव-संशोधक. तीन मोहिमा, चार पदकं, शाळेच्या पुस्तकात एक धडा आणि मोठ्या चौकात पुतळा. पुतळ्यातले बाबा खऱ्या बाबांपेक्षा वीतभर उंच आहेत आणि बरेच प्रेमळ दिसतात. तो धडा या माझ्या उभं राहण्यावरच आहे, म्हणजे ते जिथून आलं त्यावर. तिसऱ्या मोहिमेत परतीच्या वाटेवर बाबा आणि त्यांचे तीन सोबती अर्ध्या शिध्यावर आले. उपाशी माणसाला दुसऱ्याचा वाडगा नेहमी जास्त भरलेला दिसतो, आणि एवढ्याशा तंबूत त्यावरून एकमेकांचे गळे धरायची वेळ येते. म्हणून बर्फातल्या माणसांनी एक तोड काढली होती. एकानं वाढायचं, दुसऱ्यानं पाठ करून बसायचं. वाढणारा एकेका वाडग्यावर बोट ठेवून विचारणार, "कोणाचा?" म्हणजे हा वाटा कोणाचा. पाठ केलेला न बघता नाव घेणार. डॉक्टरचा. सुताराचा. खलाशाचा. माझा. ज्याच्या वाट्याला जे आलं ते आलं, कुरकुर करायची नाही. धड्याखाली मुलांना प्रश्न आहे, 'या प्रसंगातून नेत्याचे कोणते गुण दिसतात?' चौघांतले दोघंच परत आले, हेही धड्यात आहे, पण त्यावर प्रश्न नाही.

बाबांनी ही पद्धत घरी आणली. वाढायचे ते. पाठ करून उभी राहायचे मी, कारण सगळ्यांत धाकटी. मी सतत त्यांच्या मागेमागे असायचे म्हणून ते मला शेपूट म्हणत. अजून म्हणतात. या वयात आणखी कोणाचं शेपूट होणार मी?

आई मी आठ वर्षांची असताना गेली. दादा नोकरीच्या गावी संसार थाटून आहे. मी नकाशांच्या कचेरीत समुद्रकिनारे आखते, कचेरी घरापासून सात मिनिटांवर, त्यामुळे बाबा माझ्या गळ्यात पडले. आता टेबलावर दोनच वाडगे असतात. दोन वाडग्यांत वाटायचं काय डोंबल? पण तसं केल्याशिवाय बाबा चमचा उचलत नाहीत.

त्या मंगळवारी मी नेहमीसारखी उभी होते.

"कोणाचा?"

"बाबांचा."

"कोणाचा?"

"माझा."

मी वळणार तेवढ्यात पुन्हा आलं, "कोणाचा?"

मला हसू आलं. "बाबा, दोनच वाडगे आहेत. वय झालं आता तुमचं," म्हणत मी वळले. बाबांनी सुपात बुडवलेला पावाचा भलामोठा तुकडा तोंडात कोंबला होता. गाल फुगला होता, हनुवटीवर सूप ओघळत होतं. त्या तोंडातून एक अक्षर बाहेर पडणं शक्य नव्हतं.

ते चावायचे थांबले. माझ्याकडे बघत त्यांनी तो घास कसाबसा गिळला.

"तू नाव घेतलंस?"

"कोणाचं नाव?"

"कोणाचंही. नाव घेतलंस का, शेपटे?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि राहिलेलं सूप संपवलं. मग दुसऱ्यांदा मागून घेतलं.

२

त्या भिंतीची मी जाणकार आहे. फिकट हिरवा रंग, डाव्या हाताला ओलीचा डाग, वर एक खिळा ज्यावर कधीकाळी आईचा फोटो होता. डागाची कड दरवर्षी थोडी पुढे सरकते आणि मी मनातल्या मनात तिचा नकाशा दुरुस्त करते. या भिंतीसमोर उभं राहून मागचे सगळे आवाज मला ओळखू येतात. चमचा टेबलावर ठेवला की वाडग्यात ठेवला, बाबांनी खुर्ची पुढे घेतली की मागे, भिंतीतला गरम पाण्याचा पाइप कधी टकटकणार, सगळं. म्हणून तो आवाज माझ्या ओळखीतला नव्हता, हे मला छातीठोक सांगता येतं.

तो घोगरा नव्हता, भुताखेताचा तर मुळीच नव्हता. कामात असलेला दुकानदार वर न बघता पुढच्या गिऱ्हाइकाला विचारतो ना, तसा. टेबलाच्या उंचीवरून आला होता. उभ्या माणसाचा आवाज तिथून येत नाही आणि बसलेल्याचाही नाही.

मी काही वेडीबिडी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीतून तासभर सुट्टी काढून कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं दोन्ही कानांत दिवे घालून पाहिलं, मशीन लावलं आणि म्हणाला, "बाई, तुमचे कान विशीतल्या मुलीचे आहेत." आयुष्यात माझं काहीतरी विशीतलं आहे हे कळून बरं वाटायला हवं होतं.

बुधवारी पुन्हा आलं. बाबांचा, माझा, आणि मग तिसरं, "कोणाचा?" त्याच सुरात. मी चटकन वळले. बाबा चमचा हातात धरून बसले होते, अजून पहिला घासही घेतला नव्हता, आणि माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"बोलली नाहीस ना?"

"नाही म्हटलं ना!"

मी चिडले होते. भीती वाटली की मला राग येतो, हा गुण बापाचा. ताटं उचलताना माझ्या लक्षात आलं की, काय ऐकू आलं हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ते त्यांना माहीत होतं.

३

भांडी घासताना मला आठवलं. आठवलं म्हणणंही खोटं आहे, मी ते कधी विसरलेच नव्हते. फक्त उलटं जपून ठेवलं होतं.

मी आठ वर्षांची. भर उन्हाळा, खिडक्या सताड उघड्या. टेबलावर चार वाडगे. बाबांनी चारदा विचारलं, मी चार नावं घेतली, आणि पाचव्यांदा प्रश्न आला. मला वाटलं, आज बाबांनी काहीतरी जास्तीचं आणलंय. केकचा तुकडा असेल. आई नेहमी सगळ्यांत शेवटी जेवायला बसायची आणि सगळ्यांत कमी घ्यायची. मला तिचं वाईट वाटायचं. म्हणून मी मोठ्यानं ओरडले, "आईचा!"

वळून पाहिलं तर टेबलावर जास्तीचं काहीच नव्हतं. आई हसत म्हणाली, "माझा काय गं?" दादा माझी नक्कल करत होता. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग ते उठून माझ्याजवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास, शेपटे."

बाबा कोणाला शाब्बास म्हणत नसत. दादानं पोहण्याची स्पर्धा जिंकली तेव्हाही ते फक्त "हं" म्हणाले होते. ती एक शाब्बासकी मी पंचेचाळीस वर्षं पुरवून पुरवून वापरली. कचेरीत बढती हुकली, ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा तेव्हा मी ती बाहेर काढून बघायचे.

त्याच आठवड्यात आईला थंडी वाजायला लागली. बाहेर डांबर वितळत होतं आणि आई तीन ब्लँकेटं घेऊन पडली होती. पाय गार पडलेत म्हणायची. आम्ही गरम पाण्याच्या पिशव्या भरभरून तिच्या पायांशी ठेवायचो आणि दहा मिनिटांत त्या नळाच्या पाण्यासारख्या व्हायच्या. डॉक्टर आधी रक्त म्हणाले, मग हृदय म्हणाले, मग काहीच म्हणेनासे झाले. सोळाव्या दिवशी ती गेली.

माणसं मरतात. आठ वर्षांच्या मुलीची आठवण म्हणजे चिंध्या जोडून शिवलेलं पांघरूण, कुठली चिंधी कुठे लागली कोण सांगणार? मी स्वतःला हेच बजावत होते. पण ती शाब्बासकी कशाबद्दल होती, हा प्रश्न मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःला विचारला, आणि माझे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले.

४

त्या चौघांपैकी बाबांखेरीज सुतारकाका तेवढे उरलेत. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात असतात. दोन्ही हातांची मिळून सहा बोटं शिल्लक आहेत आणि त्या सहा बोटांनी ते अजून लाकडी चमचे कोरतात. गुरुवारी ढगाळ हवेत बस धरून मी तिथे गेले. ते खिडकीशी बसले होते. मी कसलीही प्रस्तावना न करता झालं ते सांगितलं. कोरणं थांबलं.

"वाढणारा मी होतो," ते म्हणाले. "पाठ तुझ्या बापाची. चार वाडगे, चारदा विचारलं, चार नावं झाली. मग तो मधेच म्हणाला, खलाशाचा. मी म्हटलं, कॅप्टन, वाटून झालं. तो म्हणाला, तू विचारलंस ना? मी म्हटलं, नाही बुवा."

"मग?"

"मग काय, हसलो. दुसऱ्या दिवशी खलाशी म्हणायला लागला, पाय गार पडले. तिथं सगळ्यांचेच गार असतात, त्यावरही हसलो. पाचव्या दिवशी तो उठलाच नाही."

आईच्या पायांबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

"त्यानंतर कॅप्टनचा हुकूम निघाला. आजपासून पाठ करायची डॉक्टरनं," सुतारकाका म्हणाले. "दोन दिवसांत डॉक्टरलाही ऐकू आलं. त्यानं सरळ आम्हाला सांगितलं. म्हणाला, मी डॉक्टर आहे, मी कोणाचं नाव घेऊ? तीनदा गप्प राहिला. चौथ्यांदाही गप्पच राहिला."

"आणि?"

"तंबूचा नियम होता. नाव न घेतलेला वाटा पाठ करणाऱ्याचा." त्यांनी हातातल्या अर्धवट चमच्यावरचा भुसा फुंकला. "चांगला माणूस. ही सहा बोटं त्यानंच वाचवली माझी."

"मग पुढे पाठ कोण करायचं?"

"मी. पण मला कधी ऐकू आलं नाही. त्याचं पोट भरलं असेल तोवर."

"कोणाचं?"

ते एकदम दचकले. "हे असं विचारू नकोस," म्हणाले. "मला काय माहीत कोणाचं. मी काय त्याला भेटलोय? तिथं आमच्यासारखीच त्यालाही भूक असेल. इकडे एकदा मिळालं की वर्षानुवर्षं पुरत असेल." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी विचारलं, "घरी पाठ करून कोण उभं राहतं, पोरी?"

"मी."

"कधीपासून?"

"पाच वर्षांची असल्यापासून."

सुतारकाकांनी डोळे मिटले. मला वाटलं ते बापाला शिवी घालतील. त्यांनी फक्त त्यांचा दोन बोटांचा हात माझ्या हातावर ठेवला.

"टेबलावर किती वाडगे असतात?"

"दोन."

"तिसरा मांडू नकोस," ते म्हणाले. "ज्याचा वाडगा समोर आहे, त्याचंच नाव चालतं."

५

शुक्रवारी संध्याकाळी बाबा चाकाच्या खुर्चीत, खिडकीजवळच्या हवादाबाच्या यंत्रासमोर बसले होते. रोज संध्याकाळी ते त्याच्या काचेवर नखानं टकटक करतात आणि काटा बघतात. उद्या कुठल्या मोहिमेवर निघायचंय कोण जाणे.

"सुतारकाकांकडे गेले होते," मी म्हणाले.

"तो बडबडतो."

"बाबा, तुम्ही हे बंद का नाही केलंत?"

त्यांनी काटा बघितला. मला वाटलं, नेहमीसारखे विषय बदलतील. पण म्हातारपणी माणसाला लपवायचाही कंटाळा येत असावा.

"केलं होतं. आल्या आल्या. घरात असलं काही करायचं नाही असं ठरवलं होतं. तुझी आई तर हसतच होती माझ्यावर." त्यांनी पुन्हा टकटक केली. "एकदा दाढी करताना मागून ऐकू आलं. मग जिन्यात. मग माझ्या सत्काराच्या वेळी, व्यासपीठावर. समोर हजार माणसं टाळ्या वाजवतायत आणि मागून विचारतंय. तीनदा झालं."

"मग?"

"मग तुला उभं केलं."

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की मला आधी नीट ऐकूच आलं नाही.

"मी पाच वर्षांची होते."

"लहान मुलाला ऐकू येणार नाही असं वाटलं. तीन वर्षं आलंही नाही." त्यांनी काचेवरची धूळ बोटानं पुसली. "आणि मला वाटलं, आलंच तर तू माझं नाव घेशील. मुली बापाचं घेतात."

"खोटं बोलताय."

"हो," बाबा म्हणाले.

आई त्या ब्लँकेटांखाली दात वाजवत पडली होती तेव्हा हा माणूस रोज तिच्या उशाशी बसायचा. लोक म्हणायचे, किती जीव आहे हो बायकोवर. तो बसून बघत होता. किती दिवस लागतात ते बघत होता, खलाशाच्या वेळी बघितले तसे. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी त्यांना संध्याकाळच्या गोळ्या दिल्या आणि पायांवर शाल घातली. सवयीचे हात, ते मला विचारत नाहीत.

"किती वेळा झालं?" त्यांनी विचारलं.

"दोनदा."

"रविवारी दादा येतोय ना जेवायला? मुलांना घेऊन?"

"हो."

"मग तोपर्यंत काही बोलू नकोस," बाबा म्हणाले, आणि खुर्ची वळवून घेतली. "सहा वाडगे असतील."

ते खोलीतून गेले तेव्हा मला त्याचा अर्थ लागला. दादाला दोन मुली आहेत. धाकटी सात वर्षांची आहे.

६

शनिवारी मी भिंतीशी उभी राहिले नाही. दोन वाडगे भरले, एक बाबांसमोर आपटला, एक घेऊन स्वयंपाकघरात जाऊन जेवले. त्यांचा चमचा वाडग्यावर वाजल्याचा आवाज मला ऐकू आला, म्हणजे त्या दिवशी ते तसेही जेवले.

दुपारी काम उरकायला कचेरीत गेले. लांबट हॉल, तिरकी टेबलं, प्रत्येक टेबलावर एक दिवा. शनिवार म्हणून मी आणि रंग भरणारी मुलगी, दोघीच. ती माझ्या मागच्या टेबलावर डबा उघडून बसली होती. मी एका उपसागराची कड शाईनं गिरवत होते, हात स्थिर ठेवून, श्वास रोखून.

"कोणाचा?"

उजव्या खांद्याच्या मागून. माझी रेघ सरळ समुद्रात गेली.

"ताई, काय झालं?" मुलीनं विचारलं. तिच्या हातात डब्याचं झाकण होतं. ती माझ्याकडे बघून हसत होती, आणि तिचं नाव माझ्या अगदी जिभेवर होतं. हाक मारायला म्हणून. मी जीभ दातांखाली धरली, ती इतकी की तोंडात रक्ताची चव आली. मान हलवून काही नाही अशी खूण केली आणि कोट घेऊन बाहेर पडले.

रस्त्यात मी ठरवलं. घरी पोचल्यावर दादाला फोन लावला.

"उद्या येऊ नकोस."

"का? पोरी केव्हाच्या नाचतायत. आजोबांना ध्रुवाची गोष्ट विचारायचीय त्यांना."

बाबांची तब्येत बरी नाही म्हटलं असतं तर तो उलट आज रात्रीच निघाला असता. दादा तसा आहे. म्हणून मला दुसरं काहीतरी हवं होतं, असं, की तो पुन्हा या घराची पायरी चढणार नाही.

"आई आजारी होती तेव्हा तू कुठे होतास रे?" मी विचारलं.

"हे काय मधेच?"

"शेवटच्या दिवशी ती सारखी तुझं नाव घेत होती. तू पोहायला गेला होतास."

"अकरा वर्षांचा होतो मी." त्याचा आवाज बदलला. "तूच म्हणालीस ना, ती झोपेत गेली म्हणून?"

"तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं. ती दाराकडे बघून हाका मारत होती. मीच तेवढी होते तिच्याजवळ. आणि आता बाबांजवळही मीच आहे. तुम्ही वर्षातून एकदा येता, जेवता, फोटो काढता आणि जाता. नका येऊ. तुझ्या पोरींनाही पाठवू नकोस."

त्या हाका मी रचल्या होत्या. आई झोपेतच गेली होती, आणि त्याआधी पंधरा दिवस तिच्या पायांशी पिशव्या बदलत दादाच बसला होता; शेवटच्या दिवशी तेवढं बाबांनी त्याला बळेच पोहायला पाठवलं होतं. मी घाबरून माळ्यावर लपले होते.

पलीकडे तो रडत होता, हे मला कळलं. मग म्हणाला, "मेलो तरी त्या घरात येणार नाही," आणि फोन ठेवला.

७

आज रविवार. मी सूप केलं, पाव कापला, दोन वाडगे मांडले. एकाच्या ठोक्याला बाबांना टेबलाशी आणलं आणि त्यांनी वाढायच्या डावाकडे हात पुढे केल्यावर डाव बाजूला ठेवला.

"दादा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"येत नाही."

"मुली?"

"कोणीच येत नाही. आपण दोघंच."

मी त्यांची खुर्ची मागे ओढली, गोल फिरवली आणि भिंतीला लावून चाकं अडकवली. त्यांनी हातांनी चाकं हलवून पाहिली. "शेपटे," ते म्हणाले. "शेपटे, काय करतेस? वळव मला."

"आज वाढणार मी. तुमची पाठ."

"मी म्हातारा माणूस आहे."

"आणि मी पाच वर्षांची होते. कॅप्टन, तुम्हीच शिकवलंत हे. आपल्यामागे लागलं की दुसऱ्याला उभं करायचं. गप्प बसलात तरी चालेल. डॉक्टर बसले होते."

मी पहिल्या वाडग्यावर बोट ठेवलं. हा प्रश्न मी जन्मात कधी विचारला नव्हता.

"कोणाचा?"

"शेपटीचा," बाबा म्हणाले. आवाज बसलेला होता.

"कोणाचा?"

"माझा."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ओठ घट्ट मिटले. मला काही ऐकू आलं नाही. पाइप एकदा टकटकला. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला वाटलं, हे सगळं वेड आहे, बापलेकीचं, आणि मी त्यापायी सख्ख्या भावाला तोडलं.

मग दोन वाडग्यांच्या मधे टेबलक्लॉथ दबला. बोटाच्या टोकाएवढा खळगा पडला आणि आजूबाजूच्या कापडाच्या सुरकुत्या सावकाश त्याच्याकडे ओढल्या गेल्या. समोर बाबांची मान दिसत होती, कोंबड्यासारखी बारीक, तिच्यातली शीर टरारून वर आली. त्यांनी ऐकलं होतं.

एक्याऐंशी वर्षं झालीत त्यांना. दोन पावलं चालवत नाही, पाव सुपात बुडवल्याशिवाय चावत नाही. पुतळा झाला, धडा झाला, अजून व्हायचं काय राहिलंय? त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. त्याला काही धैर्यही लागत नाही. ते जरा थांबले असते, अडखळले असते, तरी मी त्यांना माफ केलं असतं, इतकी मी मूर्ख आहे.

ते लगेच म्हणाले, खणखणीत, व्याख्यानाच्या आवाजात, "शेपटीचा."

खळगा भरून आला. कापड पुन्हा सपाट झालं.

"वळव आता मला," बाबा म्हणाले.

मी चाकं सोडवली, खुर्ची फिरवली, त्यांचा वाडगा त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रुमाल गळ्याशी खोचला, चमचा उचलला, एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग तोंड पुसत म्हणाले, "दादाला फोन कर. काही दिवस सगळ्यांना घेऊन इथंच राहायला ये म्हणावं. घरात कोणीतरी लागेल."

"तो येणार नाही."

"बोलावलंस तर येईल."

"नाही येणार. मी तशी सोय केलीय. आता या घरात कधीच कोणी येणार नाही."

चमचा अर्ध्या वाटेत थांबला. टेबलावर माझा वाडगा होता, त्यांचा होता. त्यांची नजर माझ्या वाडग्यावरून त्यांच्या स्वतःच्या वाडग्याकडे आली आणि तिथेच राहिली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हिशेब चुकलेला माणूस दिसतो तसं बघितलं.

"मग मी एकटाच?" त्यांनी विचारलं.

"जेवा," मी म्हणाले. "गार होतंय."